इंग्रजीत पोर नसतं का?

खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या कामाबद्दल दोन समज आहेत. तळमजल्यावरच्या मंडळींच्या मते मी सिनेमात आहे. वरच्या मजल्यांवर अशी समजूत आहे की निवृत्त झाल्यावर मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, कारण रविवारी सकाळी माझ्या दाराबाहेर तरण्या पोरांच्या बुटांचा आणि चपलांचा ढीग पडलेला असतो. दोन्ही समज मी मोडलेले नाहीत. सिनेमात आहे म्हटलं की भाजीवाला कोथिंबीर सढळ हातानं घालतो, आणि शिकवणी म्हटलं की कोणी फार चौकशी करत नाही.

खरं सांगायचं तर मी सबटायटल्स लिहिते. पडद्यावर माणसं मराठीत बोलत असतात आणि खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी येतात ना, त्या. पनवेलच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. तेव्हाच एका माजी विद्यार्थिनीनं टीव्ही मालिकांचं हे काम आणून दिलं. पुढे खडू सुटला, हे सुटलं नाही.

लोकांना वाटतं, मराठीचं इंग्रजी केलं की झालं. पण कान भराभर ऐकतो आणि डोळा रमतगमत वाचतो, हे आमचं मुख्य दुखणं. माणसाचं बोलणं संपलं की ओळ पडद्यावरून गेली पाहिजे, नाहीतर पुढचा बोलायला लागतो आणि आधीच्याचे शब्द त्याच्या छातीवर तरंगत राहतात. म्हणून कोणी चार वाक्यं बोललं तर त्यातली अडीच ठेवायची. कुठली दीड टाकायची, एवढंच काय ते आमचं कसब.

मालिकांनी मला बरंच शिकवलं. एका मालिकेत जाऊ, नणंद, वहिनी आणि मेहुणी एकाच स्वयंपाकघरात भांडत होत्या. इंग्रजीत चौघींना मिळून एकच शब्द, सिस्टर-इन-लॉ. पहिला मसुदा वाचून निर्माता म्हणाला, "मॅडम, ह्या चौघी आहेत की एकच बाई वेडी झालीय?" दुसऱ्या एका मालिकेतली नायिका उठताबसता नवऱ्याला 'अहो' म्हणायची. 'अहो'ला इंग्रजीत काय लिहिणार? मी नवऱ्याचं नाव घातलं. त्यावर कोणा आजोबांची रीतसर तक्रार आली, की चांगल्या घरची सून नवऱ्याला नावानं हाक मारते हे बघवत नाही. ती मराठीत 'अहो'च म्हणत होती. पण आजोबा वाचत होते इंग्रजी!

तर असं माझं बरं चाललं होतं. ओंकार आला आणि मला नव्यानं शिकावं लागलं.

ओंकार माझा शाळेतला विद्यार्थी, करंजाड्याला राहणारा. मागच्या बाकावर बसून माझी नक्कल करायचा, आणि चांगली करायचा. एका सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभा. "बाई, छोटीशी फिल्म केलीय. बाहेरच्या फेस्टिव्हलला पाठवायचीय. सबटायटल्स तुम्हीच करा, तुमच्याशिवाय माझं इंग्रजी कोणी सुधारलेलं नाही." मी म्हटलं, सुधारलं असतं तर माझ्याकडे कशाला आला असतास?

फिल्म अशी: एक तरुण आपल्याबरोबर राहणाऱ्या दुसऱ्या तरुणाला घेऊन गावी आत्याकडे जातो. आत्या पानं वाढते, आग्रह करते, आणि विचारते, हा कोण रे? तो म्हणतो, "आत्या, हा माझा मित्र." दुसरा मान खाली घालून भात कालवत राहतो. बस्स, एवढंच. बघून झाल्यावर मी विचारलं, "हे तुझंच आहे का?" तो म्हणाला, "हो बाई." मला पुढे काही सुचेना, म्हणून विचारलं, "जेवलास का?" पुढे कधीतरी त्यानं सांगितलं की येताना त्यानं पाच-सहा उत्तरं पाठ करून आणली होती, आणि त्यातलं एकही लागलं नाही म्हणून त्याला हायसं वाटलं.

मी जोमानं कामाला लागले. बाई मागासलेल्या नाहीत हे पोराला दिसायला हवं होतं ना! 'हा माझा मित्र' या ओळीखाली मी ठसठशीत 'बॉयफ्रेंड' लिहिलं. ओंकारनं ते वाचलं आणि म्हणाला, "बाई, त्याला तेच तर बोलता येत नाही. ते बोलता आलं असतं तर मी फिल्म कशाला केली असती?"

माझे कान लाल झाले. मी 'फ्रेंड' लिहिलं. तेव्हापासून माझ्या धंद्याचा एक नियम ठरला: जे माणसाला बोलता येत नाही, ते खाली आपण बोलून टाकायचं नाही. हा नियम पुढे माझ्याच अंगाशी येणार होता, पण ते नंतर.

ओंकारची फिल्म दोन-तीन ठिकाणी लागली, त्याचं नाव झालं, आणि त्यानं मित्रमंडळींना माझा पत्ता वाटला. समलिंगी मुलं, मुली, ट्रान्स पोरं. सगळ्यांचं पहिलं नाहीतर दुसरं काम. सुरुवातीला सबटायटल्सपुरतं येत. मग कळलं की यांना बाकीचंही कोणी सांगत नाही. परदेशी फेस्टिव्हलचा अर्ज कसा भरायचा, चार ओळींत गोष्ट कशी सांगायची, मुलाखतीत 'तुम्हाला ही फिल्म का करावीशी वाटली' म्हणून विचारलं तर रडायचं नाही आणि भाषणही ठोकायचं नाही. हे शेवटचं मी दिवाणखान्यात बसवून घोटून घेते. एका मुलीनं पहिल्यांदा उत्तर दिलं, "कारण माझ्या घरात सगळे गप्प असतात." मी म्हटलं, झालं, एवढंच सांग आणि पाणी पी.

आमच्या ह्यांनी चहा करायचा आणि मत द्यायचं नाही, असं ठरलं होतं. चहाचं ते पाळतात.

अधूनमधून आयांचे फोन येतात. "आमचा मुलगा रविवारी तुमच्याकडेच असतो ना?" मी म्हणते, हो, इथेच असतो, आत्ताच पोहे खाल्लेत. याहून जास्त मी सांगत नाही आणि बहुतेक आया विचारत नाहीत. सगळंच काही गोड झालं नाही. खारघरची एक मुलगी फार सुंदर फिल्म करत होती, दोन मैत्रिणींची. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं आणि ती यायची थांबली. अर्ध्यापर्यंत सबटायटल्स लिहिलेली तिची फिल्म माझ्या कंप्युटरवर आहे. कंप्युटर बदलला तरी ती मी पुढच्यात उचलून ठेवते.

आता चेतन.

चेतन करंजाचा, उरणजवळच्या मासेमारी बंदरावरचा. बाप बोटीवर, आई मासळीच्या लिलावात आणि सुकवणीत. चेतन जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी झाली म्हणून बर्फी वाटली. कळत्या वयाचा झाल्यावर त्यानं घरी सांगितलं की पेढे वाटायला हवे होते. त्याचं आधीचं नाव मला माहीत नाही. ते विचारायचं नसतं हे ओंकारनं मला आधीच बजावलं होतं. मला दिसला तो विरळ दाढीचा, कमी बोलणारा, बोटांना सदा कसल्यातरी वायरी गुंडाळलेल्या असणारा एक मुलगा. लग्नाच्या व्हिडिओंचं शूटिंग करून त्यानं कॅमेरा जमवला होता आणि त्या कॅमेऱ्यानं आईवर फिल्म केली होती.

वीसेक मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये वनिताताई, म्हणजे त्याची आई, बंदरावर काम करता करता कॅमेऱ्याशी बोलतात. कॅमेऱ्यामागे चेतनच. त्या बोलतात त्याच्याचबद्दल, पण जणू तो तिथे नाहीच अशा. "आमचं पोर लहानपणापासून हट्टी. येकदा बोटीवर चढून बसलं, उतरंच नाय. शाळंत हुशार व्हतं. मंग येक दिवस आलं नि बोललं, आई, मी असं असं हाय. मी बोलली, भात वाढू का?"

ऐकताना मला गहिवरून आलं, आणि गहिवर ओसरल्यावर घाम फुटला. कारण पूर्ण फिल्मभर ही बाई आपल्या लेकराला 'तो' म्हणत नाही आणि 'ती'ही म्हणत नाही. पोर आलं, पोर गेलं, पोर रडलं, पोर हसलं. आपल्या मराठीनं नपुंसकलिंग नावाची जी एक ओसरी बांधून ठेवलीय, तिथे ही माउली जाऊन बसली होती. घराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. इंग्रजीत ती ओसरीच नाही. तिथे माणूस म्हटलं की 'ही' नाहीतर 'शी', आणि 'इट' म्हणजे टेबल.

मी पहिल्या मसुद्यात जमेल तिथे 'माय चाइल्ड' लिहिलं. दर ओळीला तेच, वाचणाऱ्याला वीट यावा असं. चेतननं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "बाई, सगळीकडे 'ही' करा." म्हणजे पुरुषी 'ही'.

"तुझी आई तसं म्हणत नाहीये, चेतन."

"मला माहितीय ती काय म्हणते."

ओंकार मध्ये पडला. म्हणाला, हल्ली इंग्रजीत एकट्या माणसालाही 'दे' म्हणतात, ते लिहा. माझ्यातली शिक्षिका फणा काढून उभी राहिली: 'दे' अनेकवचन आहे! त्यावर ओंकार स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, तुम्ही सरांना 'ते' म्हणता. आत सर किती आहेत?" आतून ह्यांचा आवाज आला, "एकच, आणि तो चहा करतोय." सगळे हसले. चेतन हसला नाही. "मला 'दे' नकोय," तो म्हणाला. "मी पुरुष आहे. ज्यांना 'दे' हवं त्यांनी घ्यावं."

मग म्हणाला, "घरी नाही म्हणत, तर नाही. पण बाहेरच्या लोकांना तरी वाटू दे ना बाई, की माझी आई मला मुलगा म्हणते."

मला त्या क्षणी 'ही' लिहून टाकावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण त्या बाईला इंग्रजी येत नव्हतं. तिच्या तोंडी मी काहीही घातलं असतं तरी तिला कळलं नसतं, आणि नेमकं म्हणूनच माझा हात उचलेना. ओंकारच्या फिल्मवेळी ठरवलेला नियम समोर येऊन बसला. मी म्हटलं, "तिला विचारल्याशिवाय नाही लिहिणार." चेतननं वायरी गुंडाळल्या, बूट घातले आणि गेला. पुढचे काही रविवार आलाच नाही. फेस्टिव्हलची मुदत जवळ येत होती, पहिल्या कामाला अशी संधी पुन्हा कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि फिल्म माझ्या हट्टापायी अडली होती. आमचे हे म्हणाले, "लिहून टाक की, तिला कुठे वाचता येतंय?" मी इतकी चिडले की त्या दिवशीचा चहा मीच केला.

शेवटी चेतनचाच फोन आला. "चला बाई, विचारू तिला. पण तुम्ही विचारा, मी नाही."

त्याच्या स्कूटरवर मागे बसून, कंटेनरच्या ट्रेलरांमधून जीव मुठीत धरून मी करंजाला पोचले. बोटी लागल्या होत्या, लिलाव उरकला होता, दोऱ्यांवर बोंबील टांगलेले होते. वनिताताई खाली पसरलेली सुकट हातानं हलवत होत्या. चेतन मला तिथे सोडून स्कूटर लावायला म्हणून गेला तो लांबच उभा राहिला.

"या गो बाई," त्या म्हणाल्या. "तुमीच त्या लिवणाऱ्या?"

करंजाच्या बोलीत बाईमाणसाला 'गो' म्हणतात आणि पुरुषाला 'रं'. मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाची तरी 'गो' झाले आणि मला फार बरं वाटलं. मी त्यांना सबटायटल म्हणजे काय ते सांगितलं.

"म्हंजे मी बोलते तेच खाली इंग्रजीत येनार?"

"हो."

"मंग इचारायचं काय त्यात? मी बोलली तेच लिवा."

"तुम्ही पोर म्हणता ना, त्याला इंग्रजीत शब्द नाही."

त्यांचा सुकटीवरचा हात थांबला. "इंग्रजीत पोर नसतं का?"

"असतं. पण ते एकतर मुलगा असतं, नाहीतर मुलगी. मधलं नाही. चेतन म्हणतो, 'ही' लिहा."

"ही?" त्या केवढ्यानं तरी ओरडल्या. "ही लिवा बोलतं? मंग येवडी वर्सं माज्याशी भांडलं कशाला?"

मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना. इंग्रजांचा पुरुष मराठीच्या उंबऱ्यावर आला की बाई होतो, हे इतकी वर्षं इंग्रजी शिकवून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इंग्रजीत 'ही' म्हणजे 'तो' हे मी समजावून सांगितलं. मग त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. हसता हसता परत सुकट हलवायला लागल्या.

"आयका बाई," त्या म्हणाल्या. "मना समजत नाय असं नाय. पोरगी बोलली तं ते ताटावरून उपाशी उठतं. पोरगा बोलली तं माजा घास उतरत नाय. पोर बोलली का दोगंबी जेवतो. म्हनून मी पोर बोलते. तुमच्या इंग्रजीत काय बसतं ते तुमी बगा, पन आमचं जेवन नका मोडू."

परत येताना गव्हाण फाट्याजवळ स्कूटर थांबवायला लावून मी चेतनला हे सगळं शब्दशः सांगितलं. त्यानं हेल्मेट काढलंच नाही, त्यामुळे चेहरा दिसला नाही. म्हणाला, "ठीक आहे बाई. 'ही' नको. तुम्हाला जमेल तसं करा." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी आधीची सगळी सबटायटल्स पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. ठरवलं की सर्वनामच वापरायचं नाही. पूर्ण फिल्ममध्ये एकही 'ही' नाही, 'शी' नाही, 'चाइल्ड'सुद्धा फक्त एकदा, सुरुवातीला. पुढे नुसती क्रियापदं. लहानपणापासून हट्टी. बोटीवर चढून बसलं, उतरायला तयार नाही. इंग्रजी व्याकरणाला हे मुळीच आवडत नाही, त्याला वाक्यात कर्ता लागतोच लागतो. पण काम करता करता बोलणारी बाई तुटक बोलते, तसंच ते वाचताना वाटायला लागलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कशाला लपवू?

माझी एक कामाची सवय आहे. लिहून झालं की मी मूळ आवाज वेगळा मागवते. बोलणाऱ्याच्या कपड्याला एक छोटा माइक लावलेला असतो, त्याचं रेकॉर्डिंग. तयार फिल्ममध्ये त्यावर संगीत, वारा, गर्दी असं सगळं चढवलेलं असतं. नुसत्या माइकचा आवाज ऐकला की गिळलेली अक्षरंही सापडतात. तर मी हेडफोन लावून बसले होते. फिल्मच्या मध्यावर लिलावाचा एक तुकडा आहे. बोली लावणारे ओरडतायत, वनिताताई डोक्यावर हलवा मासळीनं भरलेली मोठी टोपली घेऊन येतात, पाय घसरतो, टोपली कलते. फ्रेमच्या कडेनं एक हात येऊन टोपली सावरतो. तो हात चेतनचा. कॅमेरा ट्रायपॉडवर सोडून तो धावला होता. आपला हात दिसतो म्हणून तो हा तुकडा काढूनच टाकणार होता, आणि तिथे त्या कॅमेऱ्याशी बोलत नाहीत म्हणून त्यानं त्यांच्या माइकचा आवाजही बंद केला होता.

तो आवाज आता माझ्या कानात होता. आणि त्यात वनिताताई जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "पाटी धर रं! धर रं पाटी!"

मी शाळेतली बाई. पाटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी काळी चौकट आणि पेन्सिल आली. बंदरावर पाट्या कुठून आल्या, असा विचार करत मी ते पुन्हा लावलं. मग आठवलं की कोळणी मासळीच्या टोपलीला पाटी म्हणतात. कोणा तरी हमालाला ओरडल्या असतील, असं म्हणून मी पुढेही गेले होते. मग एकदम हात थांबला. धावला कोण होता? हात कोणाचा होता?

'रं' म्हणाल्या होत्या. 'गो' नाही, 'रं'.

मी चेतनला फोन करून सांगितलं, असशील तसा ये. तो आल्याआल्या हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि तो तुकडा लावला. त्यानं ऐकलं. मागे नेऊन परत ऐकलं. मग परत. मी बाजूला बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीकडे बघत होते, पण हुंदका ऐकू आलाच. मग मीही रडले. ओरडण्याआधी तिनं कुठला विचार केला असेल? टोपली पडायच्या आत जेवढा वेळ मिळतो तेवढाच तिला मिळाला होता, आणि तेवढ्यात तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं.

मी डोळे पुसून कीबोर्ड पुढे ओढला. "आता लिहिते बघ. 'होल्ड द बास्केट, सन!' आता मला कोणी अडवू शकत नाही."

"नको बाई," चेतन म्हणाला.

"अरे, नको काय? ती स्वतः म्हणालीय!"

"ती 'सन' नाही म्हणाली. 'रं' म्हणाली." तो नाक ओढत हसला. "तुमचाच नियम आहे."

इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण कोणी माझंच शिकवलेलं मला इतक्या पद्धतशीरपणे परत केलं नव्हतं. मी लिहिलं, 'होल्ड द बास्केट!' बस्स. चेतननं तो तुकडा ठेवला आणि आईच्या माइकचा आवाज मोठा केला. म्हणाला, बाहेरच्यांना टोपली कळू दे, आपल्याला 'रं' कळेल.

फिल्म मुदतीत गेली. बऱ्याच जणांनी नाकारली. एका परदेशी फेस्टिव्हलनं मात्र उलट विचारलं, की भाषांतरात सर्वनामं राहून गेलीयत का? मी त्यांना सविस्तर कळवलं. ते वाचून आमचे हे म्हणाले, "एवढं मोठं पत्र तू मला लग्नाआधीही लिहिलं नव्हतंस." त्या फेस्टिव्हलनं फिल्म घेतली. त्या जोरावर चेतनला पुढच्या फिल्मसाठी एक निर्माती भेटली, आणि लग्नाच्या व्हिडिओंना तो आता निवडून हो म्हणतो.

पण त्याला एक खेळ इथे करायचा होता, आईसाठी. आमच्या सोसायटीचा हॉल मागायला मी गेले. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "फॅमिली फिल्म आहे ना?" मी म्हटलं, अगदी फॅमिली.

त्या रविवारी करंजाहून एक टेम्पो भरून बायका आल्या. सोसायटीतलेही आले, काही माझी शिकवणी बघायला, काही माझा सिनेमा बघायला. वनिताताई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी मी आणि पलीकडे चेतन. दिवे मालवले. पहिल्याच दृश्यात स्वतःला बघून त्या म्हणाल्या, "अगो, मी किती जाडी दिसते!" मागून करंजाच्या बायका म्हणाल्या, हायसच. मग हॉल शांत होत गेला. ताटावरून उठायचं काही फिल्ममध्ये नव्हतं, पण 'भात वाढू का' या वाक्याला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या कडक बाईंनी नाक पुसलं, हे मी स्वतः पाहिलं.

लिलावाचा तुकडा आला. चेतन पडद्याकडे बघतच नव्हता, आईकडे बघत होता. टोपली कलली, हात आला, आणि पूर्ण हॉलमध्ये आवाज घुमला, "पाटी धर रं! धर रं पाटी!"

मागच्या बायकांत कुजबूज झाली, मग ती थांबली. त्यांना ऐकू आलं होतं. वनिताताई ढिम्म. टक लावून बघत होत्या. तुकडा संपल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "त्या दिशी हलवा लय सस्त्यात गेला."

दिवे लागले, टाळ्या झाल्या. बायका टेम्पोकडे निघाल्या. हॉलच्या दारात वनिताताई चपला शोधत असताना चेतनला राहवेना.

"आई, तू मला रं बोललीस."

"कवा?"

"फिल्ममध्ये. पाटी धर रं, बोललीस."

चपलेत अर्धवट पाय घालून त्या उभ्या राहिल्या. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. या माणसांना एवढं काय झालंय ते काही त्यांना कळेना.

"मंग?" त्या म्हणाल्या. "पाटी पडत व्हती."

आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता म्हणून त्या भराभर जिना उतरून गेल्या.